एका अक्षराची चूक



आज धड्याबद्दल नाही, घरात घडलेल्या एका गोष्टीबद्दल लिहिते आहे. पण वाचल्यावर तुम्हालाही वाटेल की हा धडाच आहे.

माझा लॅपटॉप २०१५ सालचा. त्यात रॅम फक्त ४ जीबी. दिवाळीच्या सुट्टीआधीचे दिवस, म्हणजे संकलित मूल्यमापनाचे गुण, वर्णनात्मक नोंदी, प्रगतिपुस्तकं, सगळं एकाच वेळी. दोन फाइल्स आणि ब्राउझर एकत्र उघडला की लॅपटॉप अडून बसायचा. माझा मुलगा नववीत आहे. तो म्हणाला, "आई, आणखी ४ जीबी टाकूया. तू रॅम आण, मी लावतो."

शनिवारी शाळा सुटल्यावर बोरिवलीहून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, एल वाला चाहिए या नॉर्मल?" मला काय कळतंय! म्हटलं, "नॉर्मल दे दो." हे वाक्य लक्षात ठेवा.

रात्री मुलाने व्यवस्थित तयारी केली. चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीची वायर सोडवली आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून ठेवलं. स्टीलच्या कपाटाला हात लावून घेतला, कारण अंगावरच्या स्थितिक विद्युतमुळे चिप खराब होऊ शकते. मग नवी पट्टी रिकाम्या स्लॉटमध्ये तिरकी घातली, खाली दाबली. दोन्ही बाजूंचे चिमटे टक् करून बसले. मी टॉर्च धरून उभी.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच! पहिल्यांदा थोडा वेळ लागू शकतो, म्हणून पाच मिनिटं थांबलो. काहीच नाही.

आणि मी चढले. "नको तिथे हात घालायची सवय! माझ्या ६२ मुलांच्या नोंदी आहेत त्यात. आता सोमवारी मी काय देऊ?" पोराचा चेहरा पडला. एक शब्द न बोलता तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मग काय केलं?

दहा मिनिटांनी तोच परत आला. म्हणाला, "आई, नोंदी हार्ड डिस्कवर आहेत. रॅम म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे कपाट. टेबल मोडलं तरी कपाटातलं काही जात नाही. आपण एकेक गोष्ट तपासू. पण एका वेळी एकच बदल करायचा."

त्याने वहीचं पान घेतलं आणि कोष्टक आखलं. प्रत्येक वेळी बॅटरीची वायर सोडवूनच पट्टी बदलली.

१. नवी काढली, जुनी पट्टी जागेवरच: लॅपटॉप सुरू झाला! म्हणजे लॅपटॉप ठीक, जुनी पट्टीही ठीक.
२. जुनी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये: सुरू. म्हणजे दुसरा स्लॉटही ठीक.
३. नवी पट्टी एकटीच पहिल्या स्लॉटमध्ये: काळी स्क्रीन.
४. नव्या पट्टीचे सोनेरी दात मऊ खोडरबराने पुसून, कण झटकून, पुन्हा नीट बसवली: तरीही काळी स्क्रीन.

आता उरलं एकच. गडबड नव्या पट्टीत. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून त्यांवरची लेबलं वाचली. जुनीवर लिहिलं होतं 'पीसी३एल-१२८००एस'. नवीवर 'पीसी३-१२८००एस'. फरक फक्त एका 'एल'चा!

तो 'एल' म्हणजे लो व्होल्टेज. साधी डीडीआर३ रॅम १.५ व्होल्टवर चालते, 'एल' असलेली १.३५ व्होल्टवर. दोन्हींचे दात २०४, खाच एकाच जागी, त्यामुळे चुकीची पट्टीसुद्धा अगदी बरोबर बसते. काही जुन्या लॅपटॉपमध्ये दोन्ही चालतात. पण आमच्यात पाचव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे, त्याला १.३५ व्होल्टचीच लागते. डीडीआर४ आणली असती तर खाच वेगळी म्हणून ती बसलीच नसती आणि चूक दुकानातून घरी येताच कळली असती.

म्हणजे चूक पोराची नव्हतीच. चूक त्या 'नॉर्मल दे दो'ची होती. माझी!

मी मराठीची शिक्षिका. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, एका वेलांटीने अर्थ बदलतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. शुद्धलेखनाचे अर्धे-अर्धे गुण कापते. आणि स्वतः एक अक्षर न विचारता सोडून दिलं.

मी त्याला म्हटलं, "चुकले रे मी. विनाकारण बोलले तुला." तो हसला, पण थोडंसंच. ते थोडंसं हसू मला अजून आठवतं.

रविवारचा दिवस जुन्या ४ जीबीवरच नोंदी पूर्ण करण्यात गेला. पुढच्या आठवड्यात पट्टी बदलून आणली. या वेळी जुनी पट्टी सोबत नेली होती. लावली आणि ८ जीबी दिसले.

तुम्ही रॅम वाढवणार असाल तर

• जुन्या पट्टीच्या लेबलचा फोटो काढून दुकानात दाखवा. प्रत्येक अक्षर जुळलं पाहिजे.
• टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं.
• विंडोज ३२ बिटचं असेल, तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग होत नाही.
• काम सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.

आणि वर्गासाठी

त्या वहीतल्या पानाचा फोटो मी जपून ठेवलाय. मुलाचं गणित सारखं चुकतं, वाचताना अडखळतं, गृहपाठ येत नाही, तेव्हा आपण पटकन म्हणतो, "लक्षच नसतं याचं." हा निष्कर्ष झाला, तपासणी नाही. गणित चुकतंय, तर पाढा अडतोय की उदाहरणाची भाषाच कळत नाही? फळा दिसतो का? एकेक गोष्ट बदलून बघा, लिहून ठेवा. पट्टी स्लॉटमध्ये बरोबर बसलेली दिसते, तसं मूलही बाकावर नीट बसलेलं दिसतं. आत काय जुळत नाही, ते लेबल जवळ जाऊन वाचल्याशिवाय कळत नाही.

आणि तपासणीअंती चूक आपलीच निघाली, तर तसं मुलाला सांगा. मला ते सांगायला फार जड गेलं, पण त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलतो.