केफालोनियाचा ताप

पन्नाशी उलटलेल्या माणसाने व्हिडिओ गेम खेळावा की नाही, याविषयी शास्त्रात काही सांगितलेले नाही. त्यामुळे आम्ही तो खेळलो, आणि एकदोन दिवस नव्हे, तब्बल पाच महिने खेळलो, हे आरंभीच कबूल करून टाकतो. खेळाचे नाव ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’. तो २०१८ च्या ऑक्टोबरात बाजारात आला. आमच्या पुतण्याने नोकरीच्या पहिल्या बोनसमधून एक वापरलेला प्लेस्टेशन विकत घेतला, त्याबरोबर ही तबकडी घरात आली. खेळ ज्यात घडतो तो काळ इसवीसनपूर्व ४३१ चा, म्हणजे अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनीशियन युद्धाच्या आरंभाचा. आम्ही थ्युसिडिडीज तारुण्यात वाचलेला होता आणि तो वाचल्याचा थोडा ताठाही बाळगून होतो. पुतण्याच्या मागे बसून, ‘हे असे नव्हते, ते तसे होते’ अशा दुरुस्त्या सांगणे हाच आमचा प्रारंभीचा खेळ. एके दिवशी कंटाळून त्याने रिमोट आमच्या हाती दिला. (त्याला रिमोट म्हणायचे नाही, कंट्रोलर म्हणायचे, हे पुढे आठवडाभर ऐकावे लागले.)

आम्ही तेव्हा डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहत होतो. ज्यांना ही चाळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तो मांडवीच्या गर्दीत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्रथम ओळखला. त्यानंतर सरकारला कामगारांच्या कोंदट वस्त्यांची आठवण झाली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले, आणि या दुसऱ्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. आमच्याकडे त्यांतल्या ३२. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून जाणारा लांब पॅसेज, टोकाला सामायिक संडास. खोली १६० चौरस फुटांची. आमच्या वडिलांनी गिरणीत साचे चालवले ते याच खोलीतून जाऊन-येऊन, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप त्यांनी भोगला तोही याच खोलीत बसून. रस्त्याचे अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग आहे. १९२० साली आयटक स्थापन करणाऱ्यांतले हे जोशी. पण बसचा कंडक्टर, टॅक्सीवाला आणि आम्ही, सगळे डिलाईल रोडच म्हणत आलो.

अशा खोलीत एजियन समुद्र मावला, ही या खेळाची पहिली किमया. २०१८ च्या जुलैत आमचा डिलाईल पूल धोकादायक म्हणून बंद झाला आणि तो पुरता सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. रुळांपलीकडे गाडीने जायचे तर लांबचा वळसा पडे. त्याच काळात आम्ही ‘अद्रेस्तिया’ नावाच्या जहाजावर उभे राहून डेलॉसहून नॅक्सॉसला सहज जात होतो; वल्हेकरी ग्रीक भाषेत गाणी म्हणत होते आणि एकाक्ष कप्तान बार्नाबस समुद्रदेवाच्या गोष्टी सांगत होता. अक्रोपोलिसवर गेलो तेव्हा पार्थेनॉन नुकतेच बांधून झालेले, मूर्तींवरचे रंग ताजे. संग्रहालयांनी आपल्या मनात जी पांढरीशुभ्र ग्रीक शिल्पे ठसवली आहेत, ती मुळात अशी रंगीत होती हे वाचून माहीत होते. पाहिले ते प्रथमच. नायिका कसांड्रा (खेळणाऱ्याला अलेक्सिऑस हा नायकही निवडता येतो, आम्ही कसांड्रा निवडली) ही लिओनिडासची नात, केफालोनिया बेटावर टाकून दिल्यासारखी वाढलेली, पैसे घेऊन लढणारी. वाटेत तिला हिरोडोटस भेटतो, हिपोक्रेटिस भेटतो, सॉक्रेटिस भेटतो. पेरिक्लिसच्या घरच्या मेजवानीत सोफोक्लिसही दिसतो. आमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला आणखी काय हवे!

पण लिहायचे आहे ते या वैभवाविषयी नाही. लिहायचे आहे ते खेळाच्या अगदी आरंभी येणाऱ्या एका लहानशा प्रसंगाविषयी.

केफालोनियावर फीबी नावाची एक अनाथ मुलगी असते. ती कसांड्राला सांगते की माझ्या मैत्रिणीच्या गावात काहीतरी भयंकर चालले आहे. आपण तिथे जातो. कौसॉस हे गाव जळलेले असते. गावात कसलातरी रक्ताचा ताप पसरला आहे आणि तो बेटभर जाऊ नये म्हणून एक पुजारी आपल्या माणसांकरवी गावकऱ्यांना मारतो आहे. उरले आहे एकच कुटुंब. ते हात जोडून सांगते की आम्हांला जाऊ द्या. पुजारी सांगतो की यांना सोडलेत तर सगळे बेट मरेल. आणि मग खेळ थांबतो. पडद्यावर दोन पर्याय येतात आणि तुमच्या बोटाची वाट पाहत राहतात.

आम्ही हा प्रसंग खेळलो तो एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात. टाळेबंदी लागून दहाबारा दिवस झाले होते. पुतण्या तिकडे पुण्यात अडकलेला, खोलीत आम्ही, आमचा भाऊ आणि वहिनी. पॅसेजच्या पलीकडच्या खोलीतली एक मुलगी आमच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसून खेळ पाहत असे. ती त्या वर्षी दहावीला होती. भूगोलाचा एवढा एक पेपर राहिला होता आणि तो आधी पुढे ढकलला गेला, मग रद्द झाला, त्यामुळे ना परीक्षा संपल्याचा आनंद ना अभ्यासाचे काम. तिची आई शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात आयाचे काम करी. सगळा मजला त्या बाईंना मावशी म्हणे.

आम्ही फारसा विचार न करता कुटुंबाला सोडून दिले. पुजाऱ्याच्या माणसांशी लढलो, पुजाऱ्यालाही संपवले. ते कुटुंब समुद्राच्या दिशेने निघून गेले. उंबऱ्याबाहेरून मुलगी म्हणाली, “काका, बरं केलंत.” आम्हांलाही बरे वाटले. माणुसकी दाखवायला आपल्याला किती कमी कष्ट पडतात, असे काहीसे वाटले.

त्याच महिन्यात आमचा जी-दक्षिण विभाग सगळ्या मुंबईत बाधितांच्या संख्येत पुढे होता. वरळी कोळीवाडा बंद झाला होता, गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू बांधले जात होते. मजल्यावर वीस खोल्या आणि संडास सामायिक. अंतर पाळा म्हटले तर पाळायचे कुठे? एका संध्याकाळी पॅसेजमध्ये तोंडाला रुमाल बांधून सभा भरली. विषय मावशींचा. त्या रोज वॉर्डातून परत येतात. मजल्यावर म्हातारी माणसे आहेत. त्यांनी काही दिवस रुग्णालयानेच केलेल्या सोयीत राहावे, असे ठरवायचे होते. कोणी ओरडले नाही. कोणी वाईट शब्द वापरला नाही. मावशींचे यजमान एका बाजूला उभे होते. त्यांना विचारले गेले आणि त्यांनी मान हलवली. आम्ही चाळीतले लिहिणारे-वाचणारे म्हणून गणले जातो, म्हणून आमच्याकडेही सर्वांनी पाहिले. आम्ही काही बोललो नाही. नुसते बोललो नाही एवढेच सांगून थांबलो तर ते खोटे ठरेल. निरोप नीट शब्दांत लिहून द्या, असे म्हणून एकाने मोबाइल पुढे केला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मजकूर आम्ही लिहिला. ‘सर्वांच्या हितासाठी’ हे शब्द आमचे.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी खेळ पाहायला आली नाही.

मेच्या मध्यावर, कथेत बराच पुढे गेल्यावर, आमचे जहाज पुन्हा केफालोनियाला लागले. बेट ओळखू येईना. आरंभी जिथे ऊन आणि द्राक्षमळे होते तिथे आता मृतदेह होते आणि खोकणारी, रडणारी माणसे होती. पुजारी खरे बोलला होता. आम्ही सोडलेल्या कुटुंबाबरोबर ताप बेटभर गेला होता. त्या क्षणी आम्हांला काय वाटले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. आम्हांला दुःख झाले नाही. आम्हांला सुटल्यासारखे झाले. ‘पाहा,’ असे मनातल्या मनात आम्ही कोणाला तरी म्हणालो, ‘आम्ही मजल्यावर केले तेच बरोबर होते.’

या सुटकेचा स्वाद तोंडात फार दिवस राहिला आणि हळूहळू कडू झाला.

कपाटातला थ्युसिडिडीज आम्ही पुन्हा काढला. अथेन्सच्या साथीचे त्याचे वर्णन प्रसिद्ध आहे आणि त्याला ती साथ स्वतःला होऊन गेली होती. पेरिक्लिसच्या युद्धनीतीमुळे खेड्यांतली माणसे तटबंदीच्या आत येऊन कोंदट झोपड्यांत राहत होती आणि साथीने त्यांनाच अधिक गाठले, हे तो नोंदवतो. बीडीडी चाळीत राहून हे वाचताना अंगावर काटा येतो. पण आम्हांला तरुणपणी न दिसलेले दुसरेच एक निरीक्षण यावेळी दिसले. तो म्हणतो की जी माणसे लाजेकाजेस्तव का होईना आजारी मित्रांच्या घरी गेली ती मोठ्या संख्येने मेली. भीतीने जी गेली नाहीत त्यांच्यामागे ओसाड घरे आणि बेवारस मृत्यू राहिले. आणि सर्वांत अधिक करुणा त्यांनी दाखवली, जे स्वतः त्या तापातून उठले होते. कोण बरोबर, याचा निकाल तो देत नाही. दयेला किंमत पडते हे तो लपवत नाही, आणि पडते म्हणून ती चूक असेही म्हणत नाही.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. त्यांनी केलेल्या निवडीची किंमत त्यांनी स्वतः दिली. केफालोनियात आम्ही केलेल्या निवडीची किंमत बेटाने दिली, आणि मजल्यावर केलेल्या निवडीची किंमत दहावीतल्या एका मुलीने आणि तिच्या आईने दिली. आम्ही दोन्हीकडे सुखरूप राहिलो. त्याच वर्षी साथरोगांचा तो कायदा झाला, जो २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा लागू झाला. त्याच वर्षी पुण्यात घरे तपासणाऱ्या रँडवर गोळी झाडली गेली. आमच्या लहानपणी शाळेत हा धडा शिकताना रँड नेहमी बाहेरून आलेला असे. यावेळी बाहेरून कोणी आले नव्हते. रुमाल बांधून उभे होतो ते आम्हीच.

व्हिडिओ गेमला साहित्य म्हणावे का, असा वाद अधूनमधून होतो. त्यात पडण्याची आमची पात्रता नाही. पण एक फरक जाणवला तो मांडतो. सोफोक्लिसच्या ‘ईडिपस’च्या आरंभी थीब्ज नगरीत साथ पसरलेली आहे आणि राजा तिच्या मुळाशी असलेला अपराधी शोधू पाहतो. तो अपराधी आपणच, हे त्याला शेवटी कळते. प्रेक्षकाला मात्र ते आधीपासून माहीत असते, आणि तो स्वच्छ हातांनी घरी जातो. खेळ खेळणाऱ्याला घरी तसे जाता येत नाही, कारण बटण त्याने दाबलेले असते. हे या माध्यमाचे बळ. पण त्याची लबाडीही इथेच आहे. केफालोनियातला ताप पसरणारच होता, कारण तसे लिहिणाऱ्याने आधीच लिहून ठेवले होते. आम्ही त्या कल्पित हिशेबातून आमच्या खऱ्या मजल्याचा ताळा जुळवून घेतला. इतिहासाच्या बाबतीतही खेळ असाच सोय पाहतो. साथीत गेलेला पेरिक्लिस या खेळात सुऱ्याने मरतो, कारण कथेला खलनायक लागतो आणि तापाला चेहरा नसतो. मजल्यालाही चेहरा हवा होता. आम्ही मावशींचा दिला.

मावशी जूनच्या अखेरीस परत आल्या. त्यांना आजार झाला नव्हता. मजल्यावर त्या पावसाळ्यात दोघांना लागण झाली, ती त्यांच्या खोलीपासून दूरच्या टोकाला आणि दुसऱ्याच वाटेने. दोघेही बरे झाले. गणपतीत मावशींनी नेहमीप्रमाणे खिरापत आणून दिली. आम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडले, तर त्या म्हणाल्या, “राहू द्या हो भाऊ, तेव्हा सगळेच घाबरलेले.” क्षमा यापेक्षा कठोर असू शकते असे आम्हांला वाटत नाही.

आता ती इमारत पाडलेली आहे. पुनर्विकासात आमचा मजला वेगवेगळ्या संक्रमण शिबिरांत पांगला. मावशींचे घर कोणत्या शिबिरात आहे ते आम्हांला ठाऊक आहे. अजून गेलो नाही. मागच्या दिवाळीत पुतण्याने खेळ पहिल्यापासून सुरू केला आणि कौसॉसला पोहोचल्यावर रिमोट आमच्याकडे दिला. “काका, सोडलं तर बेट मरतं, आठवतंय ना?” तो म्हणाला. आम्हांला आठवत होते. पडद्यावर दोन पर्याय होते आणि ते कुटुंब हात जोडून उभे होते. आम्ही बराच वेळ बटण दाबले नाही. शेवटी पुतण्याने रिमोट परत घेतला आणि त्याने काय निवडले ते पाहायला आम्ही थांबलो नाही. चहा टाकायला उठलो.