तलावांच्या जिल्ह्यातला समुद्र

भंडारा जिल्ह्याचे पाणी गोडे आहे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजातील जाणकारांनी जमिनीचा उतार हेरून पाळी बांधल्या आणि त्यांमागे पावसाचे पाणी अडवले. त्या पाण्यावर धान पिकले आणि ढिवरांच्या जाळ्यांत मरळ आणि झिंगे येत राहिले. हे जलाशय ज्यांच्या ताब्यात होते त्या जमीनदारांची मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली, तसे ते माजी मालगुजारी, अर्थात मामा तलाव, म्हणून ओळखले जाऊ लागले. येथून वाहणारी वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते, आणि एवढा प्रवास झाल्यावरच या पाण्याला बंगालच्या उपसागराचे मीठ लागते. अशा मुलखातल्या एखाद्या दिवाणखान्यात साठ लिटरच्या काचपेटीतील गोल्डफिश काढून तेथे केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश नांदवायचे, तर समुद्राला वैनगंगेच्या उलट दिशेने घरी आणावे लागते.

हे काम मिठाच्या पुडीने होत नाही. गोड्या पाण्यातील माशाचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असल्यामुळे परासरणाने, म्हणजे पातळ द्रावणातील पाणी पडद्यातून दाट द्रावणाकडे सरकण्याच्या क्रियेने, पाणी सतत त्याच्या अंगात शिरते, आणि तो ते भरपूर, पातळ मूत्रावाटे बाहेर टाकतो. सागरी माशाची अडचण नेमकी उलटी असते. चोहीकडे पाणी असूनही त्याचे शरीर सुकत राहते, म्हणून तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींद्वारे बाहेर लोटतो. मोलीसारखा एखादा मासा हळूहळू सवय लावल्यास दोन्ही पाण्यांत तग धरतो. गोल्डफिशला ते साधत नाही. त्यामुळे पेटीचे रूपांतर करताना जुन्या रहिवाशांसाठी आधी दुसरे घर पाहावे लागते. जुनी वाळूही बदलावी लागते, कारण पूर्वी वापरलेल्या औषधांतील तांबे तिच्यात मुरलेले असू शकते, आणि कोळंबी-शंखांसारख्या जिवांना त्याचा अल्प अंशही मारक ठरतो.

समुद्राच्या एका लिटरात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. साठ लिटरला दोन किलोंहून थोडे अधिक. त्यांत सोडियम व क्लोराइडचे प्राबल्य असले, तरी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचे परस्परप्रमाणही खुल्या महासागरात जवळपास सर्वत्र सारखे आढळते. विदर्भाला खारे पाणी अपरिचित नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, लोणारचे सरोवर आहे. परंतु लोणारच्या अतिक्षारीय पाण्यात मासे सहसा जगत नाहीत, यावरून खारेपणा आणि समुद्रपण यांतील अंतर कळते. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 1854 मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. आज तयार क्षारमिश्रण मिळते, आणि बोअरच्या पाण्याऐवजी आरओचे पाणी घेऊन त्यात ते विरघळवले जाते.

पाणी तयार झाले तरी ते अद्याप निर्जन असते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून निघणारा विषारी अमोनिया काही जिवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही त्याहून सौम्य नायट्रेटमध्ये बदलतात. यालाच नायट्रोजनचक्र म्हणतात. ही अदृश्य वस्ती सच्छिद्र खडकांवर रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर पेटी रिकामीच ठेवणे हिताचे असते. हे खडक कोरडे अथवा कृत्रिम असावेत, कारण भारतातील प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मासाही प्रवाळखडकांतून पकडलेला नको, पैदास केंद्रात जन्मलेला हवा.

खरी परीक्षा मे महिन्यात होते. पारा पंचेचाळीसकडे झेपावत असताना पेटी 25 ते 27 अंशांवर राखायची असते, आणि पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, त्यामुळे दुपारी वीज गेली तर बॅटरीवरचा हवापंप हाताशी लागतो. पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की पाणी दोन-तीन अंश निवते, वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरने खोली निवते त्याच न्यायाने. परंतु या गारव्याची किंमत बाष्पीभवनाने मोजावी लागते: पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, काचेवरची पातळी बोटभर उतरते आणि कडेला पांढरी खर धरते. नवशिका अशा वेळी खारे पाणीच ओततो आणि पेटी अधिकच खारट करतो; घालायचे असते ते गोडे पाणी, उडाले तेवढेच.

मामा तलावही उन्हाळ्यात असाच आटतो, परंतु त्याला गाळ आहे, कमळे आहेत, देवधान नावाचा जंगली भात आहे, आणि आषाढात सारा हिशेब चुकता करणारा पाऊस आहे. समुद्र अफाट असल्यामुळे सोशिक असतो. पेटीतला समुद्र लहान असल्यामुळे कोपिष्ट होतो, आणि तेथे गाळाचे, वनस्पतींचे व पावसाचे काम एकाच माणसाच्या अंगावर पडते. दूरचा समुद्र घरी आणण्याची हौस वावगी नाही. मात्र ज्याला ऐन मे महिन्यातही रोज तांब्याभर गोडे पाणी मोजून घालण्याचा कंटाळा येतो, त्याने गोल्डफिशवरच समाधान मानावे.