घाण्याचा बैल आणि माझे दोन पेन्शनर



आज माझी आई असती आणि तिने मला पाहिलं असतं, तर तिने आधी कपाळावर हात मारला असता आणि मग मला न्हाणीत ढकललं असतं. कारण हे लिहिताना माझ्या पायांवर एक कुत्री मान टाकून झोपली आहे आणि दुसरा कुत्रा सोफ्यावर चारी पाय वर करून घोरतो आहे. सोफा माझा. निदान २०१८ पर्यंत तरी माझा होता.

आम्ही माझगावला चाळीत राहात होतो. कुत्र्यांचं नाव काढलं की आई म्हणायची, "लांब राहा, नाहीतर पोटात चौदा इंजेक्शनं!" ती लस परळच्या हाफकिन संस्थेत तयार व्हायची. हाफकिनसाहेब आपलेच, यहुदी, हे सर एली कदूरी शाळेत आमच्या बाई मोठ्या अभिमानाने सांगायच्या. पण अभिमान निराळा आणि सुई निराळी. पुढे नर्सिंग शिकताना कुत्रा चावलेला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा वॉर्डात आला. त्याला लस मिळालीच नव्हती. पाण्याचा पेला पाहून तो पोर जसा थरथरला, ते मी अजून विसरले नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून रस्त्यात कुत्रा दिसला की मी समोरच्या फुटपाथवर जात असे. १९७३ साली इंग्लंडला आले, अडतीस वर्षं नोकरी केली, तरी ती सवय सुटली नाही.

मग हे दोघे माझ्या घरात आले कसे? त्याला कारण शेजारच्या बाई. त्यांच्याकडे एक म्हातारी ग्रेहाउंड कुत्री होती. बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. मला म्हणाल्या, "तुम्ही नर्स ना? सहा आठवडे हिला सांभाळाल का?" आता नर्सला असं विचारलं की तिच्याच्याने नाही म्हणवत नाही. आमचे हे २०१६ मध्ये गेले होते. घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकत असे. पहिले तीन दिवस मी त्या कुत्रीला लांबून, झाडूच्या टोकाने वाटी सरकवली. चौथ्या दिवशी रात्री ती आली आणि तिने आपलं लांब डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. चाटलं नाही, भुंकली नाही. नुसतं डोकं ठेवलं. मी तिच्या कानामागे बोट लावलं. ऊन ऊन, मऊ. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा कुत्र्याला हात लावला.

बाई बऱ्या झाल्या, कुत्री परत गेली आणि माझं घर पुन्हा गप्प झालं. मग मी चौकशी केली.

मुलांनो, ग्रेहाउंड म्हणजे शर्यतीचा कुत्रा. सडपातळ, पोट आत गेलेलं, पाय हरणासारखे. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास पळतो, आपल्या गल्लीतल्या मोटारीपेक्षा जोरात! इंग्लंडमध्ये गोल मैदानावर यांत्रिक सशामागे कुत्रे पळवण्याच्या शर्यती १९२६ साली मँचेस्टरला सुरू झाल्या. सहा कुत्रे, प्रत्येकाच्या अंगावर ठरलेल्या रंगाचं जाकीट. एक नंबरला तांबडं, दोनला निळं, तीनला पांढरं, चारला काळं, पाचला नारिंगी आणि सहाला काळे-पांढरे पट्टे. लोक पैसे लावतात. आमच्या भागातलं वॉल्थमस्टोचं मैदान २००८ मध्ये बंद झालं, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्या पुरुषांनी डोळे पुसले. उलट २०२५ मध्ये वेल्सच्या सरकारने ह्या शर्यतींवर बंदी आणण्याचं जाहीर केलं, तेव्हा कितीतरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारण असं, की कुत्रा तीन-चार-पाच वर्षांचा झाला, किंवा पाय दुखावला, की त्याची नोकरी संपते. आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांचं असतं. उरलेली वर्षं त्याने कुठे काढायची?

राणी चार वर्षांची असताना 'रिटायर' झाली. दत्तक देण्याआधी एक बाई माझं घर तपासायला आल्या. बागेचं कुंपण मोजलं, फटी पाहिल्या, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखं वाटलं, फक्त इथे मुलगी मी होते!

राणीला घरात काही म्हणजे काही माहीत नव्हतं. सगळं आयुष्य केनेलमध्ये गेलेलं. जिन्याकडे बघून ती अशी थरथरली की जणू गिरनारच चढायचा आहे. काचेच्या दारावर नाक आपटलं. आरशातल्या कुत्र्यामागे जाऊन शोधून आली. मी एकेक पायरीवर तिचा एकेक पाय उचलून ठेवला, जसं मोडलेल्या पायाच्या पेशंटला चालवत असे. चार दिवसांत ती वर चढायला शिकली. खाली उतरायला आठवडा लागला. दोन वर्षांनी मोती आला, त्याला मात्र तिनेच शिकवलं. मला काही करावं लागलं नाही.

लोकांना वाटतं, एवढा पळणारा कुत्रा म्हणजे दिवसभर पळवावा लागेल. छे! दिवसातून दोनदा वीस मिनिटं फिरवा, बाकी सोळा-अठरा तास झोप. पण दोरी मोकळ्या मैदानात कधी सोडायची नाही. खार दिसली की तो तुमचा राहात नाही. अंगात चरबी नाही, कातडी कागदासारखी, म्हणून थंडीत कोट लागतो. रक्त मात्र भरपूर. आपल्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के, यांच्यात पन्नास ते पासष्ट! म्हणून हे कुत्रे रक्तदानाला फार चांगले. इथे २००७ पासून पाळीव प्राण्यांची रक्तपेढी आहे. एक ते आठ वर्षांचा, पंचवीस किलोच्या वरचा निरोगी कुत्रा तिथे चालतो. राणीने आठव्या वर्षापर्यंत पाच वेळा रक्त दिलं, एका वेळेला साडेचारशे मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ माणसाएवढंच. मी जन्मभर लोकांना रक्ताच्या बाटल्या लावल्या. देणाऱ्याच्या बाजूला उभी मी पहिल्यांदाच राहिले, आणि राणीपेक्षा मलाच जास्त घाम फुटला.

आता शीर्षकातल्या बैलाकडे येते. आपले पूर्वज कोकणात तेली होते, हे सर्वांना ठाऊक आहे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आपल्याला 'शनवार तेली' म्हणत. माझ्या आजोबांच्या घरी, अलिबागजवळ, बंद पडलेला जुना घाणा अंगणात होता. आम्ही मुलं त्यावर चढून खेळायचो. आजी सांगायची, बैलाच्या डोळ्यांना झापडं बांधायची, म्हणजे आपण एकाच जागी गोल फिरतो आहोत हे त्याला कळत नाही. पण शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत झापडं सुटली पाहिजेत. शब्बाथ बैलालाही आहे, असं तोरात लिहिलं आहे. आजी म्हणायची, "शनवारी बैल गोठ्यात नुसता उभा राही आणि इकडेतिकडे बघत राही. बघायची सवयच नव्हती ना त्याला."

राणी आली त्या पहिल्या महिन्यात ती बागेत जाऊन अशीच उभी राहात असे. पळत नसे, हुंगत नसे. नुसती उभी. मला एकदम आजीचा बैल आठवला. हीसुद्धा तोंडाला जाळी बांधून गोल गोल फिरत होती, कोणाच्या तरी तेलासाठी. आणि खरं सांगू का? २०११ मध्ये मी निवृत्त झाले, तेव्हा मीही अशीच स्वयंपाकघरात उभी राहात असे. पहाटे साडेपाचला उठून, कुठेच जायचं नसताना.

बाग आमच्या ह्यांची. ते गेल्यावर मी ती ओसाड पडू दिली होती. कुत्र्यांच्या मागेमागे जाऊन मी पुन्हा बागेत गेले. आता मेथी, कोथिंबीर, पुदिना होतो. उन्हाळ्यात टबात अळू वाढतो, वडीपुरती पानं निघतात. कुंडीत सब्जा लावते, मालिद्याच्या ताटाशेजारी सुवासाची बराखा म्हणायला. (मालिद्यातले मनुके कुत्र्यांना विष, बरं का मुलांनो! कांदा, द्राक्षं आणि चॉकलेटसुद्धा. कितीही लाडाने बघितलं तरी द्यायचं नाही.) गोगलगायी माझी मेथी खातात, पण त्यांच्यासाठी निळ्या गोळ्या मी कधीच टाकल्या नाहीत. त्या गोळ्यांतलं मेटाल्डिहाइड कुत्र्यांनाही मारतं. २०२२ मध्ये त्यावर बंदी आली ते फार बरं झालं.

इतकं सगळं मला कळत होतं. तरी चूक झाली.

कुंपणाच्या कोपऱ्यात ह्यांनी फॉक्सग्लोव्ह लावलं होतं, जांभळ्या घंटांचे उंच तुरे येतात ते. ह्यांच्या हातचं म्हणून मी काढलं नव्हतं. आता ऐका. ह्याच झाडाच्या पानांतलं औषध हृदयविकारावर चालतं, हे बर्मिंगहॅमचे डॉक्टर विदरिंग यांनी १७८५ साली पुस्तक लिहून सांगितलं. पुढे त्याच जातीच्या झाडापासून डिजॉक्सिनची गोळी आली. ती गोळी मी हजारो वेळा दिली आहे. देण्याआधी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, साठाच्या खाली असले तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि त्याच झाडाखाली माझा मोती रोज ऊन खात पडत होता, आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही.

२०२२ च्या मे महिन्यातला शनिवार. सकाळी मोतीने जेवण हुंगून सोडलं. मग ओकला. ओकारीत हिरवे तुकडे होते. तोंडातून लाळ गळत होती. मी खाली बसले, मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं लावली आणि घड्याळाकडे पाहिलं. मोतीची नाडी एरवी सत्तरच्या आसपास. त्या दिवशी चव्वेचाळीस, आणि मधले ठोके गळत होते. मी कोपऱ्यात गेले. खालची पानं चावलेली होती.

मी शब्बाथला फोन उचलत नाही, गाडीत बसत नाही. त्या दिवशी रब्बींना विचारायला वेळ नव्हता. शेजारच्या बाईंच्या मुलाने गाडी काढली. मी चावलेलं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतलं आणि वाटेत नाडी मोजत राहिले. चाळीस. अडतीस. जनावरांच्या डॉक्टर तरुण मुलगी होती. मी तिला वॉर्डातला अहवाल द्यावा तसं सांगितलं, काय खाल्लं, किती वाजता लक्षात आलं, नाडी किती, ओकाऱ्या किती. तिने ईसीजी काढला, सलाइन लावलं, नाडी वाढवायला ॲट्रोपीन दिलं. मग म्हणाली, "तुम्ही नर्स आहात का?" मी म्हटलं, "होते." ती म्हणाली, "पान आणलंत म्हणून वेळ वाचला."

पण मला शाबासकी नको होती. ज्ञान माझ्या युनिफॉर्मच्या खिशात राहिलं होतं. युनिफॉर्म परत करताना मी ते खिशातच विसरले, असं मला वाटलं. दोन रात्री मोती तिथे होता. त्या दोन रात्री राणी दाराशी बसून राहिली, आणि मीही. तिसऱ्या दिवशी तो आला, जिन्यापाशी थांबला, वर पाहिलं आणि सोफ्यावर जाऊन आडवा झाला. मी हातमोजे घालून ते झाड मुळासकट काढलं. काढताना ह्यांची आठवण होऊन रडले, ते लपवत नाही. ह्यांनाही कुत्र्याची भीती वाटत असे. पण त्यांनी झाडासाठी मोतीला जाऊ दिलं नसतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

मुलगा बीरशेव्याहून फोन करतो. म्हणतो, "आई, आता तरी इकडे ये, एकटी किती दिवस राहणार?" मी म्हणते, "एकटी कुठे? तीन पेन्शनर आहोत." तो हसतो, पण त्याची काळजी खोटी नाही. राणी आता बारा वर्षांची आहे, मी पंचाहत्तरीच्या पुढे. आमच्यापैकी कोण आधी जाईल हे वरच्यालाच माहीत. म्हणून शेजारच्या बाईंच्या मुलाकडे एक कागद देऊन ठेवला आहे, घराची किल्ली कुठे, खाणं किती, औषध कुठलं, मोतीला गडगडाटाची भीती वाटते तेव्हा काय करायचं. ड्युटी संपताना दुसऱ्या नर्सला माहिती द्यावी लागते, तसाच हा.

वल्हांडणाच्या आठ दिवसांत त्यांचं गव्हाचं खाणं घरातून बाहेर जातं. मग आपल्यासारखाच भात, त्यात उकडलेली कोंबडी. दोघांना तो सण फार आवडतो. आमचे वडील सेदेरच्या रात्री सांगायचे, आपण मिसरमधून निघालो तेव्हा एकही कुत्रा भुंकला नाही, ते तोरात लिहिलं आहे. तेव्हा मला ती नुसती गोष्ट वाटत असे. आता माझ्या घरात दोन कुत्रे आहेत, आणि वर्षातून दोनदा भुंकले तर खूप.

वडिलांची आणखी एक शिकवण, घरच्या जनावरांना घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही. चाळीत आमच्याकडे जनावर म्हणून फक्त एक पोपट होता, तरी आधी त्याला डाळ, मग आम्ही.

चला, सहा वाजले. सोफ्यावरचे चार पाय खाली आले आणि राणी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघते आहे. आधी त्यांचं, मग माझं.

सर्वांना शालोम.