छत्तीस नंबरचा दात

तर झालं असं की, दिवाळीला घरी गेलो आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, आजी भाकरी दुधात कुस्करून खातेय. माझी आजी! ७८व्या वर्षी भाजलेले हरभरे कडाकडा फोडणारी! विचारलं तर म्हणे, "काई नाई रे, वारं लागलं."

आईकडून खरं काय ते कळलं. वरची दाढ महिनाभर ठणकत होती, पण आजी काढू देईना. कारण? "वरची दाढ काढली की डोये जातात."

यावर हसायची सोय नव्हती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. सकाळची पोथी हा तिचा अख्ख्या दिवसातला एकमेव स्वतःचा तास. तो जाण्यापेक्षा ठणका परवडला, असा तिचा सरळ हिशोब.

मी पडलो इंजिनियर! वहीत आकृती काढून दाखवली. दाताची नस ही, डोळ्याची ती. केबल वेगळी, पोर्ट वेगळा. आजी म्हणाली, "तू कॉम्प्युटरचा डाक्टर." विषय संपला.

मग युक्ती केली. माझ्याही एका दाढेत खड्डा होताच. म्हटलं, "मला भीती वाटते, तू नुसती सोबत चल." ७५ वर्षांवरच्यांना एस.टी. २०२२ पासून मोफत आहे, हेही हळूच ऐकवलं. तयार झाली बुवा! मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावाहून निघालो, ते थेट वाशीम.

दवाखान्यात मी खुर्चीत, आजी समोर स्टुलावर, पदर गालाला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, माझा अर्धा ओठ गायब झाला. तोंडात कापूस, थुंकी ओढणारी नळी. थोडक्यात, मी म्यूटवर. डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "लिहा, छत्तीस नंबर. फिलिंग."

"ओ डाक्टर!" आजी ताडकन उठली. "मानसाले दात असतात बत्तीस. ह्या पोराले छत्तीस कुठून आले? बिल वाढवता काय?"

आता सांगा, मी काय करावं? हसू येतंय, पोट गदागदा हलतंय, आणि तोंड मिटायची सोय नाही! डॉक्टरांनी ड्रिल बाजूला ठेवलं आणि तेच मनसोक्त हसले. आजीचा आणि दातांच्या डॉक्टरांचा छत्तीसचा आकडा असा शब्दशः निघाला :)

मग त्यांनी तिला समजावलं. तोंडाचे चार भाग. पहिला आकडा भागाचा, दुसरा पुढच्या मधल्या दातापासून मोजत गेलेल्या दाताचा. ३६ म्हणजे खाली डावीकडचा सहावा. म्हणजे ४ बाय ८चा ॲरे की हो! फक्त इंडेक्स शून्याऐवजी एकपासून. म्हणून शेवटचा दात ४८ नंबरचा, पण एकोणीस, वीस नंबरचे दात जगात कुणालाच नसतात. एकूण बत्तीसच. हिशोब जुळला.

आजी जरा विचारात पडली. म्हणाली, "अन् माहा कोनता?"

"दाखवा पाहू," डॉक्टर म्हणाले. महिनाभर कुणालाही न दाखवलेलं तोंड तिने आपणहून उघडलं. "सव्वीस."

"म्हंजे बत्तीसच्या आतला हाय. मंग चालते."

पण खुर्चीत बसल्यावर तिने डॉक्टरांना हळूच विचारलं, "डोया त नाई जाईन?" या वेळी डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "नाही आजी. दोघांच्या नसा वेगळ्या. दात पडायचं आणि मोतीबिंदू यायचं वय एकच असतं, म्हणून लोक एकाचं खापर दुसऱ्यावर फोडतात." मी वहीत काढलेलं तेच, पण मी पटवायला निघालो होतो आणि त्यांनी तिला विचारू दिलं.

बीपी, शुगर, एक्स-रे झाले आणि दाढ निघाली. दाढेच्या जागी कापूस चावून आजी बाहेर आली. बोलायची मनाई. स्टँडवर तिने पदराने एक डोळा झाकला, समोरच्या गाडीची पाटी पाहिली. मग दुसरा झाकला. पुन्हा पाहिली. आणि माझी बाही ओढत थेट मंगरूळपीरच्या गाडीकडे निघाली.

पाटी मी वाचून दाखवली नव्हती.