चाकांवरची पडवी

आमच्या शाहपुरात एका वस्तूला दोन नावे असणे यात काही नवल नाही. घरात जिला आम्ही ताडपत्री म्हणतो, ती बुऱ्हाणपूरच्या बाजारात गेली की तिरपाल होते. हा तिरपाल म्हणजे इंग्रजीतला टारपॉलिन, आपल्या लोकांच्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेला. मूळचा अर्थ डांबर फासलेले कापड. आमच्याकडे केळीच्या ट्रकावर ती असते, खळ्यातल्या कापसावर असते, लग्नाच्या मांडवावर असते आणि चहाच्या टपरीपुढेही असते. पण वाचकहो, मला आज सांगायचे आहे ते आमच्या दिंडीच्या ट्रकाला बांधलेल्या ताडपत्रीविषयी. केळीच्या भावाखालोखाल आमच्या गल्लीत चर्चा झाली असेल तर ती तिचीच.

इंदूरहून येणारा रस्ता बुऱ्हाणपूर, शाहपूर करीत इच्छापूरला पोचतो आणि तिथून पुढे महाराष्ट्र लागतो. पलीकडे मुक्ताईनगर. आमच्याकडची जुनी माणसे अजून एदलाबादच म्हणतात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान यांची धाकटी बहीण मुक्ताबाई १२९७ साली याच तापीकाठी, विजेच्या कडकडाटात गुप्त झाली अशी श्रद्धा आहे. तिची पालखी ज्येष्ठात निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असा मुलूख तुडवीत आषाढीला पंढरपुरास पोचते. सगळा मिळून महिन्याभराचा पायी प्रवास. राज्याच्या हद्दीने आमचा जिल्हा मध्य प्रदेशात ठेवला, २००३ साली खंडव्यातून काढून वेगळाही केला. पण पायांना हद्द ठाऊक नसते. आमची चाळीस-पन्नास माणसे त्या पालखीत चालतात आणि त्यांच्या मागून चालतो तो ट्रक.

महिनाभर हा ट्रक म्हणजे आमचे घर. पुढच्या बाजूला धान्याची पोती, मधे वळकट्या, फाळक्याजवळ शेगडी आणि भांडी. मुक्कामी पोचलो की ट्रकाच्या एका अंगाला, वरच्या लोखंडी पाइपावर गुंडाळलेली ताडपत्री उलगडायची, पुढची कड दोन बांबूंवर उचलून धरायची, दोर ताणून मेखा ठोकायच्या. पाच मिनिटांत चाकांवरच्या घराला पडवी येते. माझा पुतण्या काही वर्षे ऑस्ट्रेलियात होता. तिथे लोक सुट्टीत मोटारीतच घर थाटून हिंडतात आणि त्या मोटारीच्या अंगाला अशीच गुंडाळीची पडवी असते, हे त्याने आम्हांला फोटो दाखवून सांगितले. आमच्या शेजारच्या काकूंनी फोटो न्याहाळून विचारले, "आणि हे लोक जातात कुठं?" पुतण्या म्हणाला, "कुठंच नाही काकू, नुसतं फिरतात." काकूंना त्या मंडळींची फार दया आली.

या पडवीखाली काय काय होते म्हणून सांगू! भाकरी थापल्या जातात, सुजलेल्या पायांना तेल लागते, हरिपाठ होतो, भांडणेही होतात. आणि आमच्यासारख्यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट होते. तिच्याखाली सगळे मराठी बोलतात. आमची नातवंडे शाळेत हिंदी, मोबाइलवर हिंदी, गल्लीत हिंदी. यात वाईट काही नाही, मीही हिंदीतच शिकलो. पण घरातले मराठी हळूहळू 'जेवायला चल' आणि 'झोप आता' एवढ्यावर येते. वारीत मात्र जालन्याची म्हातारी पोराला जवळ बसवून घेते, त्याला तिचे ऐकावे लागते आणि तिला उत्तरही द्यावे लागते.

जुनी ताडपत्री माझ्या वडिलांनी वर्गणी गोळा करून आणली होती. जाड सुती कॅनव्हासची, हिरवी. तांब्याचे क्षार देऊन कापडाला कुजण्यापासून वाचवतात, तेव्हा असा हिरवा रंग येतो. आम्हां केळीवाल्यांना मोरचुदाचा गुण वेगळा सांगायला नको. तिच्या कोपऱ्यावर वडिलांनी पांढऱ्या रंगाने, स्वतःच्या हाताने 'शाहपूर' लिहिले होते. पू दीर्घ. रस्त्यावरच्या सरकारी पाटीवर तो ऱ्हस्व आहे, त्यांनी आयुष्यभर दीर्घच लिहिला.

२०२० साली महामारीमुळे पालख्या पायी निघाल्या नाहीत. मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटी बसने पंढरपुरास गेल्या. २०२१ सालीही तसेच झाले. दोन पावसाळे ताडपत्री देवळामागच्या खोलीत घडीवर पडून होती. २०२२ च्या ज्येष्ठात आम्ही तिची दोरी सोडली. वास आला तेव्हाच समजलो. घडीघडीवर काळी बुरशी. दोघांनी टोके धरून ताणली तशी ती पापडासारखी उभी फाटली. त्या वेळेपर्यंत तिने उन्हाचे आणि पावसाचे कितीतरी तडाखे हसत झेलले होते. काकू तिच्यावर हात फिरवीत म्हणाल्या, "आरे बाप्पा, हे तं पार मेलं."

मग देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. पोरांचे म्हणणे, प्लॅस्टिकची घ्या; स्वस्त, हलकी, पाण्याचा थेंब आत यायचा नाही. म्हणणे खोटे नव्हते. पण विणलेल्या प्लॅस्टिकच्या स्वस्त कापडाला ऊन खाते. एक-दोन उन्हाळ्यांत ते ठिसूळ होऊन त्याचे भुसकट पडू लागते, वाऱ्यात रात्रभर फडफडते, आणि दुपारी त्याच्याखाली भट्टी होते. सुती कॅनव्हास श्वास घेतो. पाऊस लागला की त्याचे सूत फुगते आणि विणीतली भोके बुजतात. त्याचे दोष दोन: तो जड असतो आणि त्याला माणसासारखे सांभाळावे लागते. बराच वेळ वाद चालला. शेवटी काकूच बोलल्या. तीन वर्षांमागे, म्हणजे २०१९च्या वारीत, तापाने फणफणून त्या दोन दिवस त्याच पडवीखाली पडून होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर चालता. खाली पडून कोन राहतं ते इचारा." वर्गणीचा आकडा वाढला आणि कॅनव्हास ठरला.

बुऱ्हाणपूर हे मागांचे शहर. तिथे एक वयस्क मिस्त्री तिरपाल शिवतात, त्यांच्याकडे गेलो. फाटकी ताडपत्री त्यांनी उजेडात धरली, दोन बोटांनी चुरगळली आणि म्हणाले, "इसे बारिश ने नहीं मारा. इसे तह ने मारा." पाऊस मारीत नाही, घडी मारते. इतक्या थोड्या शब्दांत इतके खरे मी कुठल्या प्रवचनातही ऐकलेले नाही.

त्यांनी काम करताना जे सांगितले ते इथे नोंदवून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आम्हांला हवी होती वीस फूट बाय बारा फुटांची. त्यांनी कापड दोन्हीकडून वाढवून घेतले, कारण सुती कापड पहिल्या भिजण्यात आटते. आधी भिजवून वाळवले, मग मापात कापले आणि रिंगा त्यानंतर ठोकल्या. दोन पट्ट्यांचा जोड कौलांसारखा, वरची पट्टी खालच्यीवर चढवून, म्हणजे ओघळ शिवणीत शिरत नाही. शिवायचा दोरा सुतीच, कारण ओला झाला की तोही फुगतो आणि सुईचे भोक आपणच बुजवतो. पाइपाच्या बाजूला परकराला असतो तसा रुंद नेफा. पुढे कधी कापड बदलायचे झाले, तर पाइप तसाच ठेवून नेफ्यातून नुसते ओढून काढता यावे. कापड ट्रकाच्या पत्र्यावर घासते तिथे आधी फाटते, म्हणून तिथे आतून दुहेरी तुकडा. त्या तुकड्यांसाठी मी जुन्या ताडपत्रीतला धड भाग कापून दिला. त्यात 'शाहपूर' ही अक्षरेही गेली.

सांभाळण्याचे नियमही त्यांनीच घालून दिले. साबणाच्या पाण्याने घासायची नाही, वरचे मेण निघून जाते. चिखल वाळू द्यायचा आणि ब्रशाने झाडायचा. पाझरू लागलीच, तर पुन्हा मेण द्यायचे. खाली चूल पेटवायची नाही, मेणाचे कापड भुर्रकन पेटते. शेगडी पडवीच्या बाहेरच. पावसात आतून बोट लावायचे नाही, लावले की तिथूनच ठिबकायला लागते. सुती दोर भिजला की आखडतो, म्हणून पाऊस सुरू झाला की गाठी थोड्या सैल करायच्या. आणि पुढचा एक बांबू नेहमी दुसऱ्यापेक्षा हातभर खाली ठेवायचा, म्हणजे पाणी एका कोपऱ्याने वाहून जाते. सपाट बांधली तर मधे झोळ पडतो. चार फूट लांबरुंद जागेत सरासरी तीन इंच पाणी साचले, तरी ते शंभर लिटरांच्या वर जाते. कुठला बांबू तेवढे पेलणार?

त्याच वर्षी बुलढाण्याच्या अलीकडे याची परीक्षा झाली. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला तो वावटळ घेऊनच. शेजारच्या एका राहुटीचे प्लॅस्टिक पतंगासारखे उडाले. वाऱ्यात ताडपत्री लढवायची नसते, गुंडाळायची असते. पोरांनी ती पाइपावर गुंडाळली, सगळे ट्रकात दाटीवाटीने बसलो. अर्ध्या तासाने वारा पडला, पाऊस राहिला, तेव्हा पुन्हा उलगडली. ज्यांचे छत उडाले होते ती माणसेही आमच्या पडवीखाली आली. प्लॅस्टिकच घ्या म्हणून भांडणारा पोरगा रात्री दोन वाजता उठून गाठी सैल करीत होता. सकाळी तशीच ओली गुंडाळून निघावे लागले. दुपारच्या विसाव्याला सर्वांत आधी तीच उन्हात पसरली, मग जेवायला बसलो.

तेव्हापासून वारी संपली की ती खोलीत जाते, पण स्वस्थ पडून राहत नाही. पावसाळ्यात उघडीप मिळाली की बाहेर येते, आणि घडी दरवेळी वेगळ्या रेषेवर पडते. गावात कुणाकडे बारसे असो, कीर्तन असो, ती मागायला येतात आणि आम्ही देतो. फाटेल म्हणून कुणी कुरकुर करीत नाही. ठिगळ लावता येते, बुरशी मात्र मागे घेता येत नाही. घरातल्या मराठीचेही असेच काहीसे असावे असे मला वाटते. फडताळात पूजेच्या वस्त्रासारखी जपून ठेवण्याने ती टिकणार नाही. हिंदीची ठिगळे लागली तरी चालतील, पण ती रोज उन्हात आली पाहिजे.

दिवाळीच्या आधीचे ऑक्टोबरचे कडक ऊन यासाठी उत्तम. यंदाही आम्ही ती गच्चीवर पसरली. नातू उकिडवा बसून जुन्या तुकड्यावरची अक्षरे वाचत होता. म्हणाला, "आजोबा, यह पू गलत है. छोटा चाहिए."

मी म्हटले, "मराठीत एकटा असला की तो लांब. शाहपूर. पुढे काही जोडले की आखूड. शाहपुरात, शाहपुरी, शाहपुराहून."

त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "भिजलेल्या दोरासारखा?"

मी म्हटले, "हो रे, तसाच." मग आम्ही दोघांनी मिळून तिची दुसरी बाजू उन्हाकडे केली.