मोझेलच्या काठाने: रेल्वे, पायवाट आणि रीसलिंग

जर्मनीत कोब्लेन्झ येथे ऱ्हाइनला मिळणारी मोझेल नदी ट्रिअरपासून तेथवर इतकी वळणे घेत येते की, लोहमार्गाने साधारण 110 किलोमीटर असलेले अंतर नदीच्या काठाकाठाने गेल्यास दीडपटीहून अधिक भरते. या वळणांनी कोरलेली दरी अरुंद आहे आणि त्यामुळे नदी, रस्ता, गाव आणि गावाच्या पाठीशी थेट चढत जाणारे द्राक्षमळे हे सारे एका चिंचोळ्या पट्ट्यात एकवटले आहे. नाशिक परिसरात गंगापूर धरण, दिंडोरी, इगतपुरी आणि निफाड अशा दूरदूरच्या भागांत वायनरी विखुरलेल्या असल्याने वाहनाशिवाय एका दिवसात दोन ठिकाणे गाठणेही अवघड होते. मोझेलकाठी मात्र स्टेशन असलेल्या गावात उतरलेला प्रवासी थोडेसे चालून एखाद्या द्राक्ष बागायतदाराच्या अंगणात पोहोचतो. मोटार नसणे ही येथे उणीव नसून सोयच आहे, कारण रक्तातील मद्याचे प्रमाण हजारात 0.5 पर्यंत गेले की मोटारचालक जर्मन कायद्याने दंडास पात्र ठरतो आणि वाईन चाखायला निघालेल्या मंडळींपैकी एकाला दिवसभर पाण्यावरच राहावे लागते.

खर्चाचा विचार प्रवासभाड्यापासूनच सुरू होतो. 2023 च्या मे महिन्यात 49 युरो दराने सुरू झालेले आणि 2025 मध्ये 58 युरोंना मिळू लागलेले ‘डॉइचलांडटिकेट’ हे मासिक तिकीट देशभरातील प्रादेशिक रेल्वेगाड्यांत व स्थानिक बसमध्ये चालते, लांब पल्ल्याच्या द्रुतगती गाड्यांत चालत नाही. ते वर्गणीच्या स्वरूपाचे असल्याने महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केले नाही, तर पुढील महिन्याचे पैसेही भरावे लागतात. एखाद्याच दिवसाची सहल असेल, तर पाच जणांपर्यंतच्या गटाला एकत्र वापरता येणारे ऱ्हाइनलांड-फाल्झ राज्याचे दैनिक तिकीट अधिक किफायतशीर पडते.

कोब्लेन्झहून निघालेली गाडी कोखेमनंतर 4,205 मीटर लांबीच्या कैसर विल्हेल्म बोगद्यात शिरते आणि नदीचे सुमारे वीस किलोमीटरांचे वळण एका दमात टाळून एडिगर-एलर येथे बाहेर पडते. याच स्टेशनापासून ब्रेम गावाच्या दिशेने काल्मोंट या डोंगरउताराच्या कडेने पायवाट जाते, आणि मोझेलची वाईन समजून घ्यायची असेल, तर पहिला पेला हाती घेण्यापूर्वी ही वाट चालणे अगत्याचे आहे. जगातील अतितीव्र उताराच्या द्राक्षमळ्यांत गणला जाणारा हा उतार काही ठिकाणी 65 अंशांपर्यंत उभा आहे. वाटेत लोखंडी शिड्या आणि दोर लावलेले आहेत, तर मळ्यात माणसे व द्राक्षे चढवण्या-उतरवण्यासाठी एकाच रुळावर चालणारी छोटी यंत्रगाडी वापरली जाते. पायाखाली सर्वत्र पाटीच्या दगडाच्या कपच्या दिसतात. हा प्रदेश 50 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने द्राक्ष पिकण्यापुरती ऊब मिळणे हीच येथील मुख्य अडचण असते. उभ्या उतारावर ऊन थेट पडते, काळसर दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला परत देतो. नाशिकचा बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या अखेरीस गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून जानेवारी ते मार्च या काळात द्राक्ष तोडतो. मोझेलमध्ये वेल हिवाळाभर झोपलेली राहते, तिची मुख्य छाटणी एकदाच होते आणि रीसलिंग हे उशिरा पिकणारे पांढरे द्राक्ष बहुधा सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरमध्ये तोडले जाते. या संथ पिकण्यामुळे त्यातील आम्लता टिकून राहते, आणि तीच या वाईनचा कणा आहे.

बाटलीवरील काही शब्द माहीत असले, तर चाखणे सोपे होते. तोडणीच्या वेळी द्राक्षरसात असलेल्या साखरेनुसार काबिनेट, श्पेटलेझे आणि आउसलेझे अशा चढत्या पायऱ्या ठरतात, तर ‘ट्रॉकन’ हा शब्द आंबवल्यानंतर फारशी साखर न उरलेल्या, म्हणजे अगोड वाईनसाठी वापरतात. किंचित गोड काबिनेटमध्ये मद्यार्काचे प्रमाण अनेकदा 8 ते 9 टक्केच असते, त्यामुळे पायी फिरणाऱ्याला ती सर्वांत मानवते. शिवाय अनेक कुटुंबांकडे तिची बाटली दहा युरोंच्या आसपास मिळते. स्वस्त आहे म्हणून तिला दुय्यम लेखणे हा मोठाच अन्याय होईल, कारण एवढ्या कमी मद्यार्कात एवढी भरीव चव देणाऱ्या वाईन जगात फार थोड्या आहेत.

बुलाय येथे मुख्य मार्ग सोडून ट्राबेन-ट्रारबाखला जाणारी शाखागाडी धरावी. ती राइलसारख्या गावांत थांबते आणि अशा गावांतच ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ ही या प्रवासातील सर्वांत मोलाची गोष्ट भेटते. बागायतदाराने स्वतःच्या वाईनची विक्री स्वतःच्या घरी, अंगणात किंवा गोठ्याच्या जागी करण्याची ही हंगामी सोय असून, नेहमीच्या उपाहारगृहाचा परवाना न घेता वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आणि चाळीसपर्यंत आसने ठेवून ती चालवता येते. उघडी असल्याची खूण म्हणून दाराशी फांद्यांची जुडी किंवा झाडू टांगतात. मधला व्यापारी, सजावट आणि नोकरवर्ग यांचा खर्च नसल्याने दर कमी राहतात, आणि वाढायला बहुधा ती वेल छाटणारी व्यक्तीच येते, म्हणून मळा कोणत्या उतारावर आहे, यंदा गारपीट झाली का, असे प्रश्न सरळ विचारता येतात. पेल्यावर मापाची रेघ असते. शंभर मिलिलिटरचा पेला मागवून तो दोघांत वाटून घेतला, तर माफक खर्चात सहा वाईनची ओळख होते. सोबत ब्रेड, चीज, हॅम असे साधे खाणे असते. शरद ऋतूत मिळणाऱ्या कांद्याच्या पायमध्ये अनेकदा डुकराचे मांस घातलेले असते, हे शाकाहारी प्रवाशाने आधी विचारून घ्यावे. त्याच दिवसांत मिळणारे ‘फेडरवाइसर’, म्हणजे अर्धवट आंबलेला गढूळ गोड रस, जागेवरच प्यावे, कारण आंबणे सुरूच असल्याने त्याची बाटली घट्ट बंद करता येत नाही आणि पिशवीत ती सांडते. नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत मात्र यांतील बरीच अंगणे बंद असतात.

ट्राबेन-ट्रारबाखच्या पुढे नदीकाठी रेल्वे नाही. एकेकाळी उजव्या काठाने ट्रिअर ते बुलाय अशी छोटी गाडी धावत असे आणि तीत वाईन मिळत असल्याने लोक तिला प्रेमाने ‘पिण्याची गाडी’ म्हणत. 1960 च्या दशकात ती बंद झाली, ही या खोऱ्याची खरी हानी आहे. आता बस, सपाट सायकलमार्ग किंवा 2014 मध्ये खुली झालेली 365 किलोमीटरांची ‘मोझेलश्टाइग’ पायवाट यांपैकी एकाने बर्नकास्टेल-कूस गाठावे लागते. तेथे कार्डिनल निकोलाउस फॉन कूस यांनी 1458 मध्ये गरीब वृद्धांसाठी स्थापन केलेली धर्मसंस्था आजही वृद्धाश्रम म्हणून चालू आहे, तिच्या मालकीचे द्राक्षमळे आहेत आणि तिच्या आवारातील जुन्या तळघरात खोऱ्यातील निरनिराळ्या गावांच्या वाईन एकत्र चाखण्याची प्रथा रुजली आहे. चाखून झाल्यावर परतण्यासाठी बसने विटलिख स्टेशन गाठावे. कोब्लेन्झ आणि ट्रिअर या दोन्ही दिशांच्या प्रादेशिक गाड्या तेथे थांबतात.