मजदलचं कापड

एका थोबचं छायाचित्र पाहिलं आणि नजर तिथेच अडकली. थोब म्हणजे पॅलेस्टिनी बायकांचा पायघोळ झगा. हा 1980च्या दशकाच्या अखेरचा. छातीवर नेहमीच्या वेलबुट्टीच्या जागी चक्क झेंडे, फुलीच्या टाक्यांनी भरलेले. 1967नंतर व्याप्त प्रदेशात पॅलेस्टिनी झेंडा मिरवायला इस्रायलने बंदी घातली होती. खांबावरचा झेंडा सैनिक उतरवत. बाईच्या अंगातल्या झग्याचं काय करणार? पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायलविरुद्धच्या उठावाच्या काळात बायका असे झगे भरून बिनदिक्कत घालत. बातम्यांतून आपल्यापर्यंत तिथले आकडे पोचतात, हा वांडपणा पोचत नाही.

एरवी तत्रीझ, म्हणजे हे भरतकाम, गाव सांगायचं. रामल्लाचं कापड पांढरं नाहीतर काळं, त्यावर लालभडक रेशीम. बेथलेहेमचा थाट निराळा, जर वळवून वळवून टाचलेली. नक्षीत सरूची झाडं, चंद्र, पाशाचे तंबू. जाणती बाई झगा बघून माहेर ओळखायची. पुढे फ्रेंच सुती दोरे आले, नमुन्यांची पुस्तकं आली आणि गुलाबांचे गुच्छ घुसले. मला नाही आवडत ते. सरूच बरा.

आणि ज्यावर हे टाके पडत, ते कापड? त्यातलं पुष्कळसं मजदलचं. गाझाच्या उत्तरेला, समुद्राजवळ, आपल्या इचलकरंजीसारखं मागांचं गाव. दिवसभर धोट्यांची खटखट चालत असणार. निळीत बुडवलेलं गडद सूत आणि काठाला रेशमी पट्टे. हिरव्या-लाल पट्ट्यांच्या एका वाणाचं नाव ‘जन्नत आणि नार’, स्वर्ग आणि आग! असं नाव ठेवणारा विणकर मिस्कील असणार, की भाविक? मला वाटतं, त्याला धंदा कळत होता. 1948मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. ते त्याला नकबा म्हणतात. मजदलचे बहुतेक लोक गाझाकडे गेले. मागे उरलेल्यांनाही 1950मध्ये हलवण्यात आलं. त्या जागी आज अश्कलोन शहर आहे. विणकरांनी गाझात पुन्हा माग मांडले, तेच पट्टे विणले आणि कापडाला नाव तेच ठेवलं: मजदलावी. पुढे गिऱ्हाईक आटलं, गिरणीचं स्वस्त कापड आलं, माग एकेक करून थांबले.

निर्वासितांच्या छावण्यांत गावोगावच्या बायका शेजारी आल्या. एकीची नक्षी दुसरीने उचलली, तिची तिसरीने. मग झग्यावरून माहेर ओळखणं अवघड झालं. जुन्या झग्यांचे संग्राहक याबद्दल हळहळतात. मला मात्र ते सरमिसळ झगेही आवडतात. शेजार कसा जमला, ते त्यांत दिसतं.

2021मध्ये युनेस्कोने तत्रीझला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. कधी असा झगा हाती आलाच, तर उलटा करून आतली बाजू बघा. गाठी, लोंबते दोरे दिसतात का ते पाहा. चांगल्या हाताची पारख तिथल्या बायका तशीच करतात.